उचलण्याजोगं वजन

सोमवार, २ फेब्रुवारी

लिहायला खांदा लागत नाही, हे आज कळलं. कोपर अंगाला चिकटवून ठेवलं की मनगट आणि बोटं निमूटपणे आपलं काम करतात. चला, उजव्या हाताला करण्यासारखं एक तरी काम उरलं.

रडगाणं गायला ही वही घेतलेली नाही. पण बोलायचं तरी कुणाशी? ह्यांच्याशी बोलले तर ह्यांच्या जिवाला घोर. मुलाशी बोलले तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर. म्हणून वही.

तर दुखणं असं, की माझा उजवा खांदा आखडला आहे. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल, जाईल. गेला नाही, उलट मुक्कामालाच आला. आता हात पुढून छातीपर्यंत येतो, बाजूला त्याहून कमी, आणि पाठीमागे जायचं तर नावच नको. जबरदस्ती केली की अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उभा जन्म शाळेत कवायत शिकवली. मी ‘हात वर’ म्हटलं की अख्खं मैदान हात वर करायचं. आता आरशासमोर उभी राहून स्वतःलाच हुकूम सोडते, तर हा उजवा ढिम्म हलत नाही. वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

खांद्याचं एवढं काही नाही. प्रश्न ह्यांचा आहे. वर्षापूर्वी ह्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत, सगळं मी उचलून करते. मी उचलते म्हणून हे घरात आहेत. मुलानं तोंडावर सांगितलंय, ‘आई, ज्या दिवशी तुला जमणार नाही त्या दिवशी बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं.’ वाईट मनानं नाही म्हणत तो. पण झटक्यानंतर थोडे दिवस हे तिथे होते. तिथल्या पलंगावर माझा हात धरून, तोंड वाकडं करकरून ह्यांनी जो पहिला शब्द काढला, तो ‘नको’. तो मी विसरलेले नाही.

त्यामुळे खांद्याचं नाव काढायचं नाही. मी आजवर कुठल्याच गोष्टीत हात वर केले नाहीत, आता तरी का करू?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज उचलताना सोपं गेलं. माझी पद्धत बसायला लागली आहे. ह्यांना कडेला सरकवून पाय जमिनीवर टेकवायचे, माझा डावा हात ह्यांच्या बगलेतून पाठीवर, ह्यांचा डावा हात माझ्या मानेभोवती, आणि गुडघ्यांतून जोर. उजवा हात नुसता टेकवायचा, देखल्या देवा दंडवत. गंमत म्हणजे दोघांचाही आता डावाच हात उरला. जोडी जमली म्हणायची ती अशी.

मघाशी ह्यांनी खुर्ची मागच्या खोलीकडे न्यायला लावली. तिथे माणसं तोलायचा उभा काटा आहे. हे वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. हा कुठल्याशा दवाखान्याचा, दुरुस्त झाला पण न्यायला कुणी आलंच नाही. मी त्याच्यावर ओले टॉवेल टाकते. तर ह्यांनी टॉवेल खाली ओढले आणि काट्यावर थोपटलं. उभं राहायचं म्हणे.

केलं उभं. डाव्या हातानं काट्याचीच दांडी घट्ट धरली आणि मला मानेनं ‘सोड’ म्हणून खुणावलं. क्षणभर सोडलं. हे काट्याच्या तबकडीकडे एकटक बघत राहिले. चष्म्याशिवाय मला त्यावरचं काही दिसत नाही आणि बघायचंय कुणाला? जुना धंदा आठवला असेल बिचाऱ्यांना. चेहरा खुलला एवढं मात्र खरं. म्हणून ठरवलं, अधूनमधून उभं करायचं. माणसाला काहीतरी विरंगुळा हवा.

शनिवार, १४ फेब्रुवारी

ह्यांचं जेवणाचं काही खरं नाही. अर्धं ताट झालं की डाव्या हाताच्या पंजानं ताट दूर सारतात आणि ‘बास’. ह्यांच्यापाशी शब्द तीनच, ‘बास’, ‘नको’ आणि मला हाक मारायचा ‘अगं’. त्यातले दोन जेवणावर खर्च होतात. पूर्वी दोनदा भात घेणारा माणूस. भाजी बदलून पाहिली, भात मऊ केला, सूप पातळ केलं, घट्ट केलं. तऱ्हाच. शेवटी चिडून म्हटलं, ‘माझ्या हाताला चव राहिली नाही का आता?’ तर हे नुसतं माझ्या हाताकडे बघत राहिले. नको ते बोलून गेले, वाईट वाटलं.

दुपारी सूनबाई आली होती. दारातच थबकली. ‘आई, केस कापलेत?’

‘सोय होते. लांब केसांचा व्याप कोण करत बसणार?’

‘पण तुम्ही तर अंबाड्याशिवाय दारसुद्धा उघडायचा नाहीत.’

‘वय झालं की अक्कल येते,’ म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढताना ती मागे येऊन उभी राहिली होती, हे मला कळलंच नाही. डबा मात्र खालच्या फळीवर ठेवून गेली. हिचं हे असं असतं. बोलत नाही, नुसती बघते. मला बोलणारी माणसं परवडतात.

ह्यांचा पायजमा सैल झालाय. नाडी आवळून दिली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

न्हाणीघरात पाय घसरला म्हणून भिंत धरायला उजवा हात आपसूक वर गेला. खाली बसले आणि तोंडात टॉवेल कोंबला. बाहेरून ‘अगं, अगं’ चाललं होतं. ‘काही नाही, साबण पडला,’ म्हणून सांगितलं.

बाहेर आले तर ह्यांचे डोळे भरलेले. झटक्यानंतर माणसं उगाच रडतात असं डॉक्टर म्हणाले होते, तसंच असणार.

रविवार, २२ फेब्रुवारी

सूनबाईनं माझं बिंग फोडलं. सकाळीच मुलाचा फोन. ‘आई, तुझा खांदा दुखतोय आणि तू आम्हाला सांगत नाहीस?’

‘कुणाचा दुखत नाही या वयात?’

‘हात वर करून दाखव.’

‘फोनवर दाखवू?’

तो हसला नाही. म्हणाला, शुश्रूषागृहात जागेची चौकशी करून ठेवली आहे. ‘तू पडलीस तर दोघं पडाल. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?’ मी फोन ठेवला. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, फोन ठेवता येतो.

मग सूनबाई आली. मी सरळ विचारलं, ‘लावालावी करून मिळालं काय तुला?’ तिनं शांतपणे पर्स खाली ठेवली. ‘आई, वेदनेच्या डॉक्टर आहेत एक. माझ्या आईच्या खांद्याचं त्यांनीच केलं. मी वेळ घेतली आहे. तुम्ही या, मग हवं तर मला बोला. तोवर शुश्रूषागृहाचं मी थांबवून धरते.’

‘बघू,’ म्हटलं.

हे सगळं ऐकत होते. ती गेल्यावर काट्याकडे बोट दाखवलं. उभं केलं. आज बराच वेळ बघितलं आणि एक नवा शब्द फुटला, अगदी स्पष्ट, ‘हलकं’. मला इतका आनंद झाला की मी दोनतीनदा म्हणवून घेतला. हलकं. हलकं. वाचा परत येते आहे. मी म्हटलं, ‘हो हो, जीव हलका झाला ना? कुणी कुठे पाठवत नाही तुम्हाला.’ हे जोरजोरात मान हलवत राहिले. मान उभी हलवत होते की आडवी, ते आता आठवत नाही.

बुधवार, ४ मार्च

गेले बाई त्या डॉक्टरणीकडे. माझ्या शेवटच्या तुकडीतल्या पोरींएवढी असेल. ‘आजी’ म्हणाली. मी म्हटलं, बाई म्हणा. त्यानंतर बाईच म्हणत होती, शहाणी आहे.

हात पकडून इकडे-तिकडे फिरवून पाहिला, मी दात-ओठ खाल्ले. मग समजावून सांगितलं. सांध्याभोवतीची पिशवी सुजून आवळली गेलीये. मला साखरेचा त्रास, त्यात हे जास्त होतं. दुखतं म्हणून हलवत नाही, हलवत नाही म्हणून जास्त आवळतं, म्हणून जास्त दुखतं. हे चक्र तोडायचं. खांद्याच्या पाठच्या हाडाला वरच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून एक नस जाते. खांद्याचं बरंचसं दुखणं मेंदूला कळवायचं काम तिच्याकडे. सोनोग्राफीच्या यंत्रावर नस बघत बघत तिच्याजवळ औषध सोडायचं, म्हणजे ती काही आठवडे गप्प बसते. भूल द्यावी लागत नाही, त्याच दिवशी घरी. तेवढ्यात व्यायाम करून खांदा सोडवून घ्यायचा.

‘म्हणजे सुई घेतली की हात मोकळा?’

‘नाही बाई. सुईनं दुखणं थांबेल, खांदा सुटणार नाही. खांदा तुम्ही सोडवायचा. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं समजू नका.’

एवढं तर मलाही कळतं. उभ्या जन्मात मी काय केलं, व्यायामच ना?

घरी काय उचलता, असं तिनं विचारलं. मी सूनबाईकडे न बघता म्हटलं, ‘विशेष काही नाही.’

गुरुवार, १२ मार्च

दुपारी सुई घेऊन आले. काय लिहू? दुखत नाही. गेले कित्येक महिने शेजारी बसून कुणी सारखं टोकत असावं आणि ते एकाएकी उठून निघून जावं, तसं झालंय.

पाठमोरं बसवलं, पाठीला गार जेल लावलं, पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. डॉक्टरीण म्हणाली, ‘ती बघा तुमची नस.’ मला तर ढग दिसले. टोचल्यासारखं झालं, मग दाब आला, मग काहीच नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘हलकं वाटतंय का?’ मी म्हटलं, ‘हलकं म्हणजे काय, हात माझा आहे की शेजारणीचा तेच कळत नाही.’ ती हसली, पण बजावलंही. औषधानं हाताची ताकदसुद्धा काही काळ कमी राहील. आज-उद्या काहीही उचलायचं नाही, दुखलं नाही तरी. दुखलं नाही तर मुळीच नाही. सूनबाईनं ते दोनदा वदवून घेतलं, जणू मी बहिरी.

मला घरी सोडल्यावर राहते म्हणाली. मी म्हटलं, ‘तुझी पोरं घरी वाट बघत असतील, जा.’ सकाळपासून तीच ह्यांच्यापाशी होती, ह्यांचं सगळं उरकूनच मला दवाखान्यातून न्यायला आली होती. सकाळी ये म्हटलं. जाताना सारखं मागे वळून बघत होती.

ह्यांना हात वर करून दाखवला. हनुवटीपर्यंत गेला. गेल्या हिवाळ्यापासून पहिल्यांदा. मी विचारलं, ‘बघितलंत? हलकं.’ ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर बोटं टेकवून म्हणाले, ‘हलकं.’ माझ्यासाठी ह्यांच्या छातीवरचा भार उतरला. मला रडू आलं.

ताट मात्र पुन्हा परत केलं. निम्म्याहून जास्त. आनंदाच्या दिवशीसुद्धा.

शुक्रवार, १३ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहाट उलटून उजाडलं होतं. सूनबाई यायला वेळ होता. ह्यांना न्हाणीघरात जायचं होतं आणि हे मला दाखवत नव्हते, पण मला कळतं. खांदा जराही दुखत नव्हता. डॉक्टर लोक सगळ्याच पेशंटांना तेच तेच सांगतात, असं मी स्वतःला म्हटलं. इतके दिवस एका हातानं उचललं, आज तर दोन आहेत. हे ‘नको, नको’ म्हणत होते. मी म्हटलं, ‘लाजता काय?’ आणि दोन्ही हात घातले.

उजव्या हातावर भार घेतला आणि तो हात तिथे नव्हताच. दुखलं असतं तर सावध झाले असते, सोडून दिलं असतं. काही म्हणता काही दुखलं नाही. हात नुसता ढिला पडला आणि आम्ही दोघं सावकाश पलंगाच्या कडेनं घसरत खाली आलो. मी खाली, हे अर्धे माझ्या अंगावर. लागलं असं नाही. पण उठता येईना. ह्यांना उठता येत नाही आणि ह्यांच्या खालून मला निघता येत नाही. फोन टेबलावर.

हे उठायला धडपडत होते. मला वाटलं घाबरले. मी म्हटलं, ‘काही झालेलं नाही, पडलो एवढंच.’ ह्यांनी डावा हात माझ्या गालाला लावला, मग स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला. पहिल्यांदा मी त्या बरगड्या नीट पाहिल्या. सदऱ्यातून मोजता येतील अशा. आणि हे बोलले. एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं.

‘अजून... जड?’

मला आधी समजलं नाही. ‘काय?’

‘अगं... अजून जड?’

मग समजलं. एकदम सगळंच समजलं. परत केलेली ताटं, सैल पायजमा, तो काटा, ते ‘हलकं’. माझी पद्धत बसत नव्हती, हा माणूस माझ्यासाठी कमी कमी होत चालला होता. मी कवायतीची ऐट मिरवत होते आणि हे माझ्यासमोर उपाशी राहत होते, आणि काट्यावर उभं राहून विचारत होते की आता हिला झेपेल का?

मी जमिनीवर पडल्या पडल्या रडले. ह्यांना वाटलं खांदा दुखतोय, आणि हे माझा उजवा खांदा चोळत राहिले, ज्याला काहीच जाणवत नव्हतं.

मग मी जोरात हाका मारल्या. खालच्या मजल्यावर कुलूपवाल्याचं दुकान आहे. माझा जुना विद्यार्थी, कवायतीला सदा दांडी मारायचा. दार आतून बंद, पण त्याला दाराचं काय सांगायचं? आत आला आणि दारातच उभा राहिला. ‘बाई?’

‘बघत काय बसलास? ह्यांना आधी घे.’

त्यानं ह्यांना दोन्ही हातांवर सहज उचललं. मग त्याच्याही तोंडून निघालं, ‘काका, अहो तुमच्यात तर काहीच उरलं नाही.’ बोलून गेला आणि ओशाळला. हे त्याच्या हातांवरून माझ्याकडे बघत होते. अपराध्यासारखे. ह्यांनी काय केलं होतं अपराध्यासारखं बघायला?

रविवार, १५ मार्च

डॉक्टरीण खूप बोलली. ऐकून घेतलं. खांद्याचं नुकसान झालेलं नाही. ताकद आता परत आली आहे आणि दुखणं तेवढंच कमी आहे, म्हणजे व्यायाम आजपासून सुरू. ‘बाई, घरी काय उचलता हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतंत,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘चुकलं.’ हा शब्द मला फारसा सवयीचा नाही.

दुपारी मुलगा आला. सूनबाई बाजूला बसली. मी दोघांसमोर खुर्चीत बसले, हे शेजारी चाकांच्या खुर्चीत. काय काय बोलायचं याची मनात तयारी केली होती, कुणावर काय फेकायचं, कुणाला काय ऐकवायचं. ते सगळं राहिलं. मी उजवा हात उचलला, जेवढा गेला तेवढा, आणि डावाही. म्हटलं, ‘हे बघा, हात वर केले. मला एकटीला होत नाही. ह्यांना उचलायला माणूस ठेवा. पण ह्यांना कुठे पाठवायचं नाही.’

मुलानं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘माणूस ठेवला होता आई. तूच हाकललास.’

खरंय. तो ह्यांना उचलताना म्हणायचा, ‘हे पार्सल कुठे ठेवू?’ मी त्याला त्याच दिवशी घालवला आणि ठरवलं, परत परका हात लागायचा नाही ह्यांच्या अंगाला. ते ठरवताना ह्यांना विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं. ‘अहो, सकाळ-संध्याकाळ कुणी आलं तर चालेल? पार्सल म्हणणारा नको, ते मी बघते.’ मग ह्यांनी माझा हात, उजवा, अजून वर होता तो, धरून अलगद खाली ठेवला. ‘बास,’ म्हणाले.

सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं आली, डोळे पुसून. मी म्हटलं, ‘तुझं लावालावीचं मागे घेते.’ ती म्हणाली, ‘राहू दे आई. करावीच लागली होती.’

मंगळवार, ३१ मार्च

नवा माणूस धिप्पाड आहे. आम्ही त्याला ‘पैलवान’ म्हणतो, त्याला आवडतं. आधी रुग्णालयात कामाला होता. उचलण्याआधी ह्यांना सांगतो, ‘काका, आता आपण उठणार आहोत.’ आपण. मी एवढ्यावर त्याला पास केला.

जेवण मात्र जागच्या जागी आहे. अर्धं ताट, बास. सवयच लागली असावी, किंवा पोट आखडलं असेल. कशानंही आखडतं माणूस. मी बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. उपयोग नाही. पैलवान येतो, उचलतो, हे मात्र त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत असतात, मी मध्ये हात घालते की काय म्हणून. मीही सवयीनं पुढे सरसावते. अंगात मुरलेलं जाता जात नाही.

व्यायाम चालू आहेत. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच फिरवायचा. आणि दाराच्या वर कप्पी बसवून तिच्यातून दोरी, एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्या. कप्पी कुलूपवाल्यानं बसवून दिली. डाव्यानं ओढलं की उजवा वर जातो. पहिल्या दिवशी हे बघत होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुढे सरकवून दोरीचं डावं टोक माझ्या हातातून काढून घेतलं.

आता हे ओढतात. मी दाराशी उभी, हे खुर्चीत, मध्ये कप्पी. तराजूच्या दोन बाजू म्हणा. काय नाजूक हात आहे ह्यांचा. कळ सुरू होण्याच्या जरासं आधी थांबतात. मी तोंडानं काही सांगत नाही, ह्यांना दोरीतूनच कळतं. आयुष्यभर किती जड आणि किती हलकं एवढंच तर बघत आले. डॉक्टरीण म्हणाली, सुईचा असर ओसरेल तोवर खांदा बऱ्यापैकी सुटलेला असेल, नाहीतर परत एकदा देऊ. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे.

गुरुवार, ९ एप्रिल

आज पैलवानाला यायला उशीर झाला. ह्यांना चाकांच्या खुर्चीतून उठवून टेबलाजवळच्या खुर्चीत बसवायचं होतं, ताट हाताशी वाढलेलं. खांदा मोकळा वाटत होता. खरंच उचलता आलं असतं, आज कदाचित खरंच. हे माझ्या खांद्याकडे बघत होते आणि ताटातलं बोटानं बाजूला काढत होते, जेवणाआधीच, निम्मं.

मी समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, ‘अहो, इकडे बघा. मी आता तुम्हाला उचलणार नाही. आज नाही, उद्या नाही, खांदा अगदी लख्ख बरा झाला तरी नाही. कधीच नाही. पैलवान येईपर्यंत आपण दोघं इथेच बसून राहू, गार झालं तरी चालेल.’

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना मी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, आणि ह्यांना तर मीच सगळं करेन म्हणून घरी आणलेलं. ह्यांना वाटलं असतं, टाकलं हिनं. पण हे माझ्याकडे बघत राहिले, खरं बोलते आहे का ते बघत. काट्याकडे बघतात तसं. तबकडीवरचा काटा थांबेपर्यंत.

मग बाजूला काढलेला भात बोटानं परत ताटाच्या मधे ओढला.

पैलवान आला, त्यानं ह्यांना टेबलाशी बसवलं. मी जागची उठले नाही. हात मांडीखाली दाबून बसले होते. हे जेवले. सावकाश, डाव्या हातानं, हनुवटीवर सांडत, मध्ये थांबून दम खात. ताट संपलं. मी ताट घ्यायला हात पुढे केला तर त्यावर ह्यांची बोटं तशीच. सरकवून दूर नाही केलं, माझ्याकडे केलं.

‘अजून,’ म्हणाले.

भात ओट्यावर होता. मी उठून उजव्या हातानं वाढला.